भाडेकरू घर बळकावेल का? मुलुंडच्या काकूंना उत्तर

पत्र असं आहे, थोडं कमी करून देतोय:

"दादा, नमस्कार. मी मुलुंड पूर्वेला राहते, वय ६३, मुलगा पुण्याला असतो. ह्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातून आमच्याच गल्लीत मागच्या बाजूला एक जुना वन बीएचके घेतला, ३९० फूट कार्पेट, दोघांच्या नावावर. दोन वर्षं होत आली, एका जोडप्याला भाड्यानं दिलाय, त्यांना लहान बाळ आहे. भाडं २६ हजार, डिपॉझिट एक लाख. ब्रोकरनं ५०० च्या स्टॅम्प पेपरवर नोटरी करून ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट केलं होतं, ते संपून आता वर्ष होईल, पुढे काही केलंच नाही, ते देतात आम्ही घेतो. पण ठरलंय ५ तारखेला आणि भाडं येतं कधी ११, कधी १२, गेल्या महिन्यात १३ ला. माझे दीर म्हणतात अ‍ॅग्रीमेंट संपलंय, आता तो हक्क सांगणार, दोन दिवस पाणी बंद करा म्हणजे आपोआप जातील. सोसायटीनं भाडेकरू ठेवला म्हणून महिन्याला १५०० जादा लावलेत. वर एक बिल्डर बदलापूरला ३२ लाखात वन बीएचके देतोय, म्हणतो एफडी मोडून अर्धे भरा, बाकीच्याचा हप्ता भाड्यातच सुटेल. घ्यावा का? रात्री झोप लागत नाही. आणि हो, पुढच्या महिन्यात त्यांच्या बाळाचा पहिला वाढदिवस आहे, आम्हाला बोलावलंय. जावं की नको? हे म्हणतात जवळीक वाढली की नंतर पैशाचं बोलता येत नाही."

काकू, नमस्कार.

तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि मला सगळ्यात आधी दिसल्या त्या तारखा. ११, १२, १३. भाडं बुडवणारा माणूस असा वागत नाही हो, तो एक महिना देतो, पुढचा अर्धा देतो, मग फोन उचलत नाही, मग गावाला जाऊन येतो म्हणतो. हा दर महिन्याला तीन दिवसांच्या आतबाहेर पूर्ण पैसे टाकतोय. माझा अंदाज आहे की त्याचा पगारच १० तारखेला होतो, आणि तुमची ५ तारीख ब्रोकरनं त्याच्या छापील फॉरमॅटमधनं उचलली, त्या पोराला कोणी विचारलंच नाही. एकदा चहाला बोलवा आणि सरळ विचारा, "बाळा, तुझा पगार कधी होतो?" १० सांगितला तर नवीन अ‍ॅग्रीमेंटमध्ये १२ तारीख घाला आणि विषय संपवा. मी १७ वर्षं दहिसर आणि बोरिवलीला दोन घरं भाड्यानं देतोय, त्यातली निम्मी कुरबुर तारखेची असते आणि ती पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर झालीच नसती.

आता तुमची झोप उडवणारी गोष्ट, तो हक्क सांगेल का. ही भीती तुमच्या दिरांनी हवेतनं काढलेली नाही, मुंबईत ती खरंच घडून गेलीय, म्हणून जुनी माणसं अजून दचकतात. १९४७ चा मुंबईचा भाडे कायदा होता, त्यात १९७३ साली दुरुस्ती झाली, आणि १ फेब्रुवारी १९७३ ला ज्यांची लिव्ह अँड लायसन्सची, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी देणारी, अ‍ॅग्रीमेंटं चालू होती आणि जे त्या जागेत राहत होते ते कायद्यानं भाडेकरू ठरले, म्हणजे तात्पुरतं राहायला आलेल्या माणसाला एका तारखेनं संरक्षण मिळालं आणि मालक बघत राहिले. त्यानंतर कित्येकांनी घरं कुलूप लावून ठेवली पण भाड्यानं दिली नाहीत, आमच्या नात्यात गिरगावची एक खोली वर्षानुवर्षं बंद होती, फक्त गणपतीत उघडायची. दिरांनी हे सगळं घरात ऐकलेलं असणार, त्यांना दोष देऊ नका.

पण कायदा बदलला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू आहे, आणि त्यात लिव्ह अँड लायसन्सवर दिलेलं घर मुदत संपल्यावर परत मिळावं म्हणून वेगळी सोय आहे, कलम २४. मुदत संपली आणि माणूस निघाला नाही तर साध्या कोर्टात वर्षानुवर्षं दिवाणी दावा न लढवता सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे सरकारनं यासाठीच नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करता येतो, समोरच्याला नोटीस मिळाल्यापासून ३० दिवसांत "मला बाजू मांडायची परवानगी द्या" असं प्रतिज्ञापत्रावर मागावं लागतं, नाही मागितलं तर घर खाली करायचा आदेश होऊ शकतो. आणि जितके दिवस तो मुदतीनंतर बसून राहील तितक्या दिवसांची भरपाई लायसन्स फीच्या, म्हणजे ठरलेल्या भाड्याच्या, दुप्पट दरानं. लेखी अ‍ॅग्रीमेंटमध्ये जे लिहिलंय तेच निर्णायक पुरावा धरतात. हे सगळं मालकाच्या बाजूचं आहे काकू. "बारा वर्षं राहिला की मालक होतो" हेही तुम्ही ऐकलं असेलच, ते परवानगीनं राहणाऱ्याला लागू होत नाही, तो तुमच्या परवानगीनं राहतोय आणि तुम्हाला भाडं देतोय म्हणजेच तुम्हाला मालक मानतोय.

मग अडचण कुठेय? तर तुमच्या हातात तो कागदच नाही. ११ महिन्यांचं असेल तर रजिस्टर करायला लागत नाही, नोटरी चालते, हा मुंबईतला सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज आहे आणि ब्रोकर लोक तो मुद्दाम जिवंत ठेवतात कारण त्यांचं काम पटकन होतं. इतर काही राज्यांत ११ महिन्यांची पळवाट चालत असेल, आपल्याकडे नाही. त्याच १९९९ च्या कायद्याचं कलम ५५ सांगतं की अ‍ॅग्रीमेंट लेखी हवं आणि रजिस्टर हवं, मुदत कितीही असो, आणि ते रजिस्टर करायची जबाबदारी मालकाची, भाडेकरूची नाही. नाही केलं तर दोन गोष्टी होतात. एक म्हणजे शिक्षा, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. दुसरी जास्त महत्त्वाची, वाद झाला तर कुठल्या अटींवर घर दिलं होतं याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते खरं धरलं जातं, तुम्ही उलटं सिद्ध करेपर्यंत. म्हणजे तो उद्या म्हणाला की "मला पाच वर्षांसाठी २० हजारांनी दिलं होतं" तर खोटं ठरवायचं काम तुमचं. तो असं म्हणेल असं मला अजिबात वाटत नाही, पण त्याच्या चांगुलपणावर एवढं ओझं टाकून ठेवायचं कशाला.

म्हणून या महिन्यात एकच काम करा, नवीन लिव्ह अँड लायसन्स रजिस्टर करून घ्या. मागची तारीख टाकू नका, कोणी सुचवलं तरी नको, आजपासून पुढचं करा आणि त्यात लिहा की एक लाख डिपॉझिट अमुक तारखेला आधीच मिळालेलं आहे. खर्चाला घाबरू नका, गणित सांगतो. समजा २४ महिन्यांचं केलंत, पहिलं वर्ष २८ हजार, दुसऱ्या वर्षी ५ टक्के वाढवून २९,४००. दोन वर्षांचं भाडं झालं ६,८८,८००. डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात, म्हणजे एक लाखावर दोन वर्षांचे २०,०००. एकूण ७,०८,८००, त्याच्या पाव टक्का स्टॅम्प ड्युटी, साधारण १,७७२ रुपये, थोडं वरखाली. रजिस्ट्रेशन फी शहरात १,०००. म्हणजे तीन हजारांच्या आसपास सरकारी खर्च, वर घरी येऊन करून देणाऱ्या एजंटची फी. दोघांनी अर्धा-अर्धा करायची पद्धत आहे. दोन वर्षांत भाडं वाढवलेलं नाहीत म्हणून २८ धरले, पण तुमच्या बिल्डिंगमध्ये नि शेजारी सध्या काय चाललंय ते विचारून ठरवा, चांगल्या भाडेकरूकडून बाजारापेक्षा हजार कमी घेतलेले परवडतात, महिनाभर घर रिकामं राहिलं तर २८ हजार एकदम जातात.

घरी येऊन कसं करतात ते सांगतो म्हणजे ह्यांना सरकारी ऑफिसात जिने चढायची काळजी नको. एजंट लॅपटॉप, छोटा कॅमेरा आणि अंगठ्याचं मशीन घेऊन येतो, डायनिंग टेबलवर मांडतो, मालक, भाडेकरू आणि साक्षीदारांचा फोटो आणि अंगठा घेतो, आधार त्याच जागी पडताळतं. फ्लॅट दोघांच्या नावावर आहे म्हणून तुमचे दोघांचेही अंगठे लागणार, हे ब्रोकर विसरतात. आणि एक छोटी गोष्ट, वय झालं की बोटाच्या रेषा झिजतात, मशीन घेत नाही. माझ्या आईच्या वेळी नऊ वेळा लाल दिवा लागला, ती बिचारी कावरीबावरी झाली, तिला वाटलं तिचंच काहीतरी चुकतंय. एजंटनं ओला नॅपकीन मागितला, बोट पुसलं, कोरडं केलं, कपाळाला जरा घासायला सांगितलं, आणि दहाव्यांदा हिरवा. तर आदल्या रात्री हाताला थोडं खोबरेल लावून ठेवा आणि सकाळी भांडी घासू नका. नंतर सब रजिस्ट्रार मंजूर करतात आणि पीडीएफ येते, ती मुलाला, स्वतःला आणि भाडेकरूला तिघांनाही पाठवून ठेवा.

सही करायच्या आधी मसुदा मराठीत करून मागा, मिळतो, आणि शांतपणे वाचा. बघायचं काय तर सुरू आणि संपायची तारीख स्पष्ट आहे का, भाडं कोणत्या तारखेला, नोटीस दोन्हीकडून एक महिना की दोन, लॉक-इन किती, म्हणजे किती महिने दोघांनाही मध्येच मोडता येणार नाही, विजेचं आणि गॅसचं बिल कोण भरणार, आणि मुदत संपल्यावर न निघाल्यास दिवसाला किती. लॉक-इन सहा महिने पुरे, जास्त ठेवलात तर तुमचेही हात बांधले जातात. संपायच्या तारखेच्या दोन महिने आधीची एक तारीख मोबाईलमध्ये लावून ठेवा, त्या दिवशी विचारायचं राहणार की जाणार. राहणार असतील तर मुदत संपायच्या आत नवीन अ‍ॅग्रीमेंट. तुमच्यासारखं "ते देतात आम्ही घेतो" हे फार जणांचं होतं, त्यात कोणाचा दुष्टपणा नसतो, पण मालकाचं सगळं संरक्षण त्या संपायच्या तारखेत आहे आणि तीच नाही म्हटल्यावर काय उरलं. आणि ब्रोकरनं रिन्यूअलसाठी अर्ध्या महिन्याचं भाडं दलाली म्हणून मागितलं तर, आधी तसं ठरलं नसेल तर द्यायची गरज नाही, त्यानं काम काय केलं?

पाणी बंद करायचं बोललात ते वाचून मला खरंच वाईट वाटलं. करू नका. दिरांनी पुन्हा म्हटलं तरी करू नका. भाडे कायद्यातच वेगळं कलम आहे, २९ वं, मालकानं पाणी-विजेसारख्या आवश्यक सोयी तोडायच्या नाहीत. तुम्ही वॉल्व्ह बंद केला की त्या क्षणाला चूक तुमच्या बाजूला येते, तो नवघर पोलीस स्टेशनला जाऊन उभा राहिला तर पोलीस त्याचंच ऐकतील आणि बरोबर ऐकतील. कुलूप बदलणं, सामान बाहेर काढणं, दारावर माणसं पाठवणं, सगळं तसंच. आणि कायदा बाजूला ठेवा, आत वर्षाचं बाळ आहे हो. दूध गरम करायचं, दुपटी धुवायची, कुठल्या पाण्यानं? ज्यानं एक महिना भाडं बुडवलेलं नाही त्याच्या घरात असं करायचं हे तुमच्याही मनाला पटलेलं नाही म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत असं मला वाटतं.

खरोखर बुडवणारा भेटला तर काय? तर पहिल्या महिन्याला बोलायचं, व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून ठेवायचं, दुसऱ्या महिन्याला वकिलाची नोटीस, डिपॉझिट संपायची वाट बघायची नाही. कारण माणूस बाहेर निघेपर्यंत काही महिने जातातच, तेवढ्याला डिपॉझिट पुरायला हवं. तुमचे एक लाख म्हणजे नवीन भाड्याचे साडेतीन महिने, ठीक आहे, वाढवायला जाऊ नका. भाडं रोख मात्र घेऊ नका, बँकेतच घ्या.

पोलिसांत माहिती दिली होती का? पत्रात काही नाही म्हणून विचारतो. मुंबईत भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकावर बंधनकारक करणारे आदेश पोलीस आयुक्तालयाकडून निघत असतात आणि नाही दिली तर गुन्हा मालकावर दाखल होतो. मुंबई पोलिसांच्या वेबसाइटवर फॉर्म आहे, फोटो, आधार, कामाचा पत्ता टाकायचा, पंधरा मिनिटांचं काम. मुलाला पुण्याहून करायला सांगा, किंवा जो कोण जवळ असेल त्याला. नवीन अ‍ॅग्रीमेंट आलं की पुन्हा भरा.

आता सोसायटी. हे १५०० कुठून आले ते सेक्रेटरींना लेखी विचारा. भाडेकरू ठेवला तर सोसायटी जे नॉन ऑक्युपन्सी चार्जेस घेते त्यावर सरकारनं १ ऑगस्ट २००१ च्या आदेशानं मर्यादा घातलीय, सर्व्हिस चार्जेसच्या १० टक्के, त्यापेक्षा जास्त नाही. लक्षात घ्या, पूर्ण मेंटेनन्सच्या १० टक्के नाही, फक्त सर्व्हिस चार्जेसच्या, म्हणजे वॉचमनचा पगार, जिन्यातली वीज, ऑडिट, स्टेशनरी असला भाग. महापालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत, सिंकिंग फंड (बिल्डिंगच्या मोठ्या कामांसाठीची राखीव रक्कम) आणि रिपेअर फंडाच्या ओळीही वेगळ्या असतात. बिल काढून बघा, समजा सर्व्हिस चार्जेस १,६०० असतील तर तुमच्याकडून महिन्याला १६० घ्यायचे, १,५०० नाही. साध्या कागदावर अर्ज लिहा, आदेशाची तारीख घाला, जादा घेतलेले पुढच्या बिलात वळते करा म्हणा, आणि अर्जाच्या झेरॉक्सवर सोसायटीचा शिक्का आणि तारीख घ्या. नाही ऐकलं तर तुमच्या वॉर्डच्या उपनिबंधकांकडे तक्रार होते. भांडायची गरज पडत नाही बहुतेक वेळा, कमिटीतल्या लोकांनाही हे माहीत नसतं, मागच्या कमिटीनं लावलं म्हणून चालू असतं. तसंच भाडेकरू कोण ठेवायचा हे ठरवायचा अधिकार सोसायटीचा नाही, तुम्ही आधी लेखी कळवायचं आणि अ‍ॅग्रीमेंटची कॉपी द्यायची. कुठे बॅचलर नको, कुठे मांसाहारी नको, कुठे अमुक आडनाव नको, याच शहरात मराठी माणसालाही घर नाकारलं जातं आणि आपण चिडतो, मग आपल्या कमिटीत बसून आपण तेच करायचं नाही.

बिल हातात घेतलंच आहे तर अजून एक ओळ बघा. ५०० चौरस फूट कार्पेटपर्यंतच्या घरांना मुंबई महापालिकेच्या हद्दीत १ जानेवारी २०२२ पासून मालमत्ता कर माफ झालाय. तुमचा ३९० चा आहे. बिलात अजून प्रॉपर्टी टॅक्स लागत असेल तर तेही त्याच अर्जात विचारा.

डिपॉझिटचं थोडं सविस्तर सांगतो, कारण तिथे मी स्वतः चुकलोय. माझ्या दहिसरच्या घरात एक कुटुंब तीन वर्षं राहिलं, निघाले जूनमध्ये, पाऊस लागलेला. बेडरूममधलं कपाट सरकवलं तर मागची भिंत काळी, ओल धरलेली, रंगाचे पापुद्रे लोंबतायत. मी तिथल्या तिथे म्हटलं हे तुमच्या वापरानं झालंय, कपाट भिंतीला चिकटवून ठेवलंत म्हणून, आणि रंगाचे ७,००० कापले. त्या बाई काही बोलल्या नाहीत. दाराच्या चौकटीवर पेन्सिलनं त्यांच्या मुलीची उंची लिहिलेली होती, तीन रेघा, तीन तारखा, मुलगी ती बोटानं पुसत बसली होती. पुढच्या जुलैला घर रिकामं असताना त्याच भिंतीला पुन्हा ओल आली, तेव्हा कळलं पाणी बाहेरच्या भिंतीतनं येतंय, प्लास्टरला तडा होता. ते काम सोसायटीचं होतं. मी त्यांना फोन करून पैसे परत पाठवले, पण एक वर्ष त्यांनी मला खोटा माणूस समजून काढलं असणार आणि ते बरोबरच होतं.

तेव्हापासून मी काय करतो, तर चावी देताना भाडेकरूसोबत घरभर फिरून मोबाईलवर व्हिडिओ घेतो, सावकाश, बोलत बोलत. पंखे चालू करून, नळ सोडून, फ्लश दाबून, गिझरचा दिवा लागलेला, खिडकीचं ग्रिल, ओट्याखालचा ट्रॅप, कपाटाच्या मागे टॉर्च मारून भिंत, आणि शेवटी मीटरचं रीडिंग. मुलुंडला महावितरणचं मीटर असेल तुमचं, त्याचा आकडा नीट दिसेल असा घ्या. तोच व्हिडिओ लगेच त्यांना पाठवतो. निघताना पुन्हा तसाच. मग वाद होतच नाही, दोघं बसून दोन्ही बघायचे. तीन वर्षं राहिल्यावर रंग उडणारच, खिळ्याची भोकं पडणारच, ते भाड्यातच आलं, त्याचे पैसे कापू नयेत. फुटलेलं बेसिन, तुटलेलं दार, राहिलेली बिलं, एवढंच कापायचं आणि बिल दाखवून कापायचं, आणि बाकीचं चावी हातात आली त्याच दिवशी परत. त्या माणसाला पुढच्या घराचं डिपॉझिट भरायचं असतं हो, तुमच्या आठ दिवसांच्या उशिरानं त्याचं तिकडे अडतं. तुमच्याकडे आधीचा व्हिडिओ नाहीये तर आता नवीन अ‍ॅग्रीमेंटच्या वेळी करून घ्या, दोन वर्षांत झालेलं सोडून द्या आणि आजपासून धरा. आणि मे महिन्यातच खिडक्यांच्या कडा आणि बाहेरच्या भिंतीचे तडे बघून घ्या, गच्चीतून किंवा बाहेरच्या भिंतीतून येणारं पावसाचं पाणी ही सोसायटीची जबाबदारी आहे, पत्र आधी गेलेलं बरं, जुलैत कोणी गवंडी मिळत नाही.

टॅक्सचं पटकन. वर्षाचं भाडं ३,३६,००० धरलं तर त्यातून सरसकट ३० टक्के वजावट मिळते, १,००,८०० गेले, उरले २,३५,२००, ते घर घेताना ज्याचे पैसे गेले त्याच्या उत्पन्नात धरायचे. प्लंबर, रंग, मेंटेनन्स याची वेगळी वजावट नाही, ती त्या ३० टक्क्यांतच आली, पावत्या टॅक्ससाठी जमवत बसू नका. भाडेकरू पगारात एचआरए, म्हणजे घरभाडे भत्ता, घेत असेल तर तुमचा पॅन मागेल, द्या, लपवायचं काही नाही, रिटर्नमध्ये दाखवलं की झालं.

आणि आता बदलापूर. काकू, माझं मत विचाराल तर घेऊ नका. कागदावर करून बघा. ३२ लाखांचं घर, स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन, सोसायटीचे सुरुवातीचे पैसे, पंखे-ग्रिल-गिझर धरून ३६ लाखांच्या आसपास जाणारच. भाडं समजा ८,००० आलं, वर्षाला ९६,०००. त्यात एक महिना रिकामं, गेले ८,०००. मेंटेनन्स १,५०० नं १८,०००. किरकोळ दुरुस्ती ६,०००. राहिले ६४,०००. ३६ लाखांवर हे पावणेदोन टक्के होतात, तुमची एफडी त्याच्या तिप्पट-चौपट देतेय आणि तिला प्लंबर लागत नाही. हप्ता भाड्यातच सुटेल म्हणतोय ना तो, तर सोळा लाखांचं कर्ज साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं तर हप्ता येतो १९-२० हजार. भाडं ८. वरचे १२ हजार दर महिन्याला पेन्शनमधनं जाणार, आणि या वयात बँक दहा वर्षं देईल की नाही तेही बघावं लागेल, कमी वर्षं दिली तर हप्ता अजून मोठा. किंमत वाढेल म्हणतात, वाढेलही, पण ह्यांचं गुडघ्याचं ऑपरेशन निघालं तर हॉलचा अर्धा भाग विकता येत नाही, एफडी दोन दिवसांत मोडता येते. मुलुंडचं घर तुमच्या खिडकीतून दिसतं, नळ गळला तर चप्पल घालून जाता. बदलापूरला नळ गळला की मुलुंड स्टेशन, लोकलची गर्दी, तासाभराचा प्रवास आणि तिथे पोचल्यावर प्लंबर येणार नाही. तरीही मुलाला घ्यायचंच असेल तर त्याच्या नावानं, त्याच्या पगारावर घेऊ दे, आणि बुकिंगचा एक रुपया देण्याआधी महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या, साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताबा कधीचा आहे, मुदतवाढ किती वेळा घेतलीय, तक्रारी किती आहेत ते बघा. बिल्डरनं "भाड्याची हमी" लेखी दिली तरी ती त्या घराच्या किमतीतच घालून तुमच्याचकडून घेतलेली असते.

राहिला वाढदिवस. जा हो, दोघंही जा. बाळाला वाटी-चमचा नाहीतर झबलं जे काही घ्याल ते घ्या, पोटभर जेवा, बाळाला मांडीवर घ्या. काका म्हणतात ती अडचण खरी आहे, माया झाली की पैशाचं बोलणं जड जातं, पण तारीख आणि रक्कम कागदावर चढली की मग तुम्हाला ते बोलायची वेळच येत नाही. म्हणून एवढंच बघा की चहाचं आणि अंगठ्याचं काम वाढदिवसाच्या आधीच्या आठवड्यात उरकून घ्या, त्या दिवशी त्यांच्या घरी अ‍ॅग्रीमेंटचा विषय काढू नका.